दाण्याएवढे तुकडे

पावणेपाचला तिचा दिवस सुरू व्हायचा. गजर वाजायच्या आधीच ती उठून बसलेली असायची, आणि वाजला की घड्याळाच्या डोक्यावर अशी थाप मारायची, जणू उशीर त्यानेच केला. मग आईला उठवणं, आईचे हातपाय धुणं, आईची खुर्ची ओट्यावर नेऊन ठेवणं. खुर्ची रोज त्याच फरशीवर, भिंतीपासून एक वीत अंतरावर. आई आंधळी होती. खुर्ची चार बोटं जरी सरकली तरी तिचा हात पाण्याच्या तांब्याऐवजी हवेत जायचा. शेवटी खुराड्याचं दार उघडायचं आणि फौजदाराला बाहेर सोडायचं.

फौजदार म्हणजे गिनी कोंबडी. करड्या अंगावर पांढरे ठिपके, डोकं टकलं, आणि आवाज असा की झोपलेला माणूस अंथरुणातून उडावा. पाच वर्षांपूर्वी तीन आणल्या होत्या, दोन कुत्र्यांनी नेल्या. उरलेली ही आईच्या खुर्चीला चिकटली. ओळखीचं माणूस आलं तर नुसतं चक-चक करायची. अनोळखी पाऊल फाटकाच्या आत पडलं की मान ताणून ओरडायची, दोन तुकड्यांत, दुसरा तुकडा वर चढवून. आईला ते ‘कोणए? कोणए?’ असं ऐकू यायचं. एकदा सांगितल्यावर आम्हालाही तसंच ऐकू यायला लागलं.

मुलगी सात ते चार कामावर. आई एकटी ओट्यावर. दार सताड उघडं, कारण कोंडून घ्यायला आई तयार नव्हती. “डोळे गेलेत, पाय गेलेले नाहीत,” असं म्हणायची. कोण आलं, कोण गेलं, हे तिला कोंबडीकडून कळायचं. त्या घराची सगळी मांडणी त्या एका पाखरावर उभी होती.

मुलीला कारखान्यात सगळे पक्कड म्हणत, तोंडावरसुद्धा. धरलेलं सोडायची नाही म्हणून. तिला ते नाव आवडायचं, निदान त्याच्यावरून तिने कोणाला शिव्या दिल्या नाहीत, आणि तिच्या बाबतीत हे आवडण्यासारखंच होतं. राग कायम नाकावर. पंचेचाळिशीची, लग्न केलं नव्हतं, आणि का नाही केलं असं विचारणाऱ्याला “तुझं झालंय ना, मग तू सांग कसं वाटतं” असं उत्तर तयार.

मी शेजारच्या टेबलावर एकोणीस वर्षं काढली. मिस्त्री म्हणायची मला. काम कुंपणाच्या जाळीचं. जस्त चढवलेली तार यंत्रातून विणून येते, गुंडाळी टेबलावर पडते. कडेची मोकळी टोकं एकात एक वळवायची आणि वळवून उरलेलं टोक कटरने छाटायचं. ऐकायला सोपं आहे. ज्याचा अंदाज कच्चा तो वळवायला तार कमी घेतो आणि बोटभर तुकडा छाटून टाकतो. ज्याचा हात बसलेला आहे तो शेवटच्या वेढ्यापर्यंत तार वापरतो, आणि छाटायला उरतो तो दाण्याएवढा तुकडा. मी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, मक्याच्या दाण्यापेक्षा मोठा तुकडा पडला तर ते कारागिराचं काम नाही, न्हाव्याचं आहे. तिने ते डोक्यात घेतलं. दिवसाला साडेतीनशे टोकं, आणि प्रत्येक तुकडा एका मापाचा. बाकीच्यांचं भंगार टोपल्यात आडवंतिडवं पडलेलं असायचं. तिचं ओतलं तर धान्यासारखं सळसळत पडायचं. मी नवीन माणसांना तिची टोपली दाखवायचो.

लांब तुकडा जड असतो, सरळ टोपल्यात पडतो. दाण्याएवढा तुकडा कटरमधून उडतो. अ‍ॅप्रनच्या खिशात, पँटच्या दुमडीत, बुटात, कुठेही. म्हणून कारखान्यात पहिल्यापासून एक खोली होती. आत एक बाक, भिंतीला खुंट्या. सुटी झाली की बसायचं, बूट उलटे करून आपटायचे, अ‍ॅप्रन झटकून खुंटीला लावायचा, घरचे कपडे चढवायचे आणि माणसासारखं घरी जायचं. मग मालक आजारी पडले आणि त्यांचा भाचा खुर्चीत बसला. त्याला ती खोली रिकामी दिसली. दिवसातले तेवीस तास कोणी वापरत नाही, असं म्हणाला. बाक भंगारात गेला आणि खोलीत तयार मालाच्या गुंडाळ्या रचल्या. आम्ही चाळीस माणसं होतो. चाळिसांनी कुरकुर केली, ती फाटकाबाहेर पडल्यावर. मीही त्यातलाच.

त्या दिवसापासून पक्कड कामाचे बूट घालूनच घरी जायला लागली. पस्तीस मिनिटांची चाल. घरी पोचल्यावर ओट्याच्या पायरीवर बसायची, बूट काढून मातीत आपटायची, पँटची दुमड उलगडून झटकायची, अ‍ॅप्रन दोनदा फडकावायची. त्याशिवाय आत पाऊल टाकायची नाही. कारण आत आई अनवाणी फिरायची, आणि आंधळ्या माणसाच्या पायात तार घुसली तर ती कुठे घुसली हेही त्याला नीट सांगता येत नाही. घरातली फरशी पक्कड रोज तळहाताने चाचपून बघायची. एक कण नाही. सगळं बाहेर, अंगणातल्या मातीत.

चार महिने असे गेले.

मग एके दिवशी जेवणाच्या सुटीत ती माझ्यासमोर बसली आणि डबा न उघडता म्हणाली, “काल आमच्या घरात माणूस शिरला.”

“चोर?”

“झाडू विकणारा. सरळ ओट्यावर चढला आणि आईच्या खांद्याला हात लावला. आई किंचाळली. तोही किंचाळला. फौजदार शेजारीच बसलेली, हू की चू नाही.”

“झोपली असेल.”

“ती झोपत नाही, मिस्त्री. ती माझ्यासारखी आहे.”

आईने आधीच ओळखलं होतं. दोन दिवसांपूर्वी म्हणाली होती, आज हिने कोणाला काही विचारलंच नाही. पक्कडने नीट पाहिलं तेव्हा कोंबडी पिसं फुगवून बसलेली, मान खांद्यांत, शेपटी खाली. विष्ठा हिरवट, पाण्यासारखी. उठवलं तर चार पावलं टाकायची आणि पाय दुमडून बसायची. समोर टाकलेल्या खाद्याला चोच लावायची नाही.

रविवारी दादा आणि वहिनी आले. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, शहराच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर राहणारा. वहिनीने कोंबडीकडे पाहून नाकाला पदर लावला. दादाने कोंबडीकडे पाहिलंच नाही.

“हे असं किती दिवस चालवणार तू?” तो म्हणाला. “दार उघडं, आई एकटी, आणि पहाऱ्याला कोण, तर कोंबडी. ती पण मरायला टेकलीय. आईला मी घेऊन जातो. आमच्याकडे दाराला कुलूप असतं. आत बसेल निवांत.”

“बाहेरून कुलूप?” पक्कडने विचारलं.

“मग काय, आम्ही दोघं कामाला जातो.”

“म्हणजे तिजोरीत ठेवणार आईला.”

“काहीही बोलू नकोस. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडी घेऊन येतो. तोवर तुझं पाखरू जगलं आणि ओरडायला लागलं, तर ठेव आईला तुझ्याजवळ, मी शब्द काढणार नाही. मेलं, तर आई माझ्याकडे.”

आई खुर्चीत बसून होती. म्हणाली, “माझ्याबद्दल बोलताय की पाखराबद्दल?” दादाने चपला घातल्या.

तर असं ठरलं. पाच आठवडे हातात.

पक्कडला राग आला की तो कोणावर तरी टाकल्याशिवाय राहवत नसे. समोरच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याचं टेबल होतं. चाळिशीचा गडी, दिवसभर उभा. फौजदार ओरडली की त्याच्या कानठळ्या बसायच्या. पंधरा दिवसांपूर्वीच तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, “ताई, एक दिवस हिच्या चोचीला टाका घालतो बघा मी.” आता चोच बंद झाली होती. पक्कडला दुसरा पुरावा नको होता.

भाऊ गेला तशी ती सरळ टेबलापाशी गेली.

“काय घातलंस तिला?”

“कोणाला?”

“उंदराचं औषध घातलंस?”

“ताई, मी बोललो ते वैतागून…”

तिने पुढचं ऐकलंच नाही. इस्त्री केलेल्या कपड्यांची चळत टेबलावर होती. तिने ती दोन्ही हातांनी ओढली आणि गटाराच्या कडेला टाकली. वर पाण्याची बादली लाथाडली. बावीस कपडे. गल्लीतली माणसं खिडकीत आली. इस्त्रीवाला खाली बसला आणि एकेक कपडा उचलायला लागला. तो भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं. हे तिनेच मला सांगितलं, आणि सांगतानाही तिला त्याचा रागच येत होता. म्हणे, माणसाने उलट उत्तर तरी द्यावं.

दुसऱ्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाचा पगार सोडला आणि कोंबडीला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. आधी रांग. पुढे दोन कुत्री, एक मांजर, एक बकरी. कुत्रेवाल्या माणसाने विचारलं, “कोंबडीला दवाखान्यात? कापली असती तर एका वेळची सोय झाली असती.” ती म्हणाली, “तुमच्या कुत्र्याला आधी कापा, वजन जास्त भरेल.” त्याने कुत्रं जवळ ओढून घेतलं.

डॉक्टरबाई तरुण होत्या, हात भरभर चालत. चोच उघडून पाहिलं, पोट दाबून पाहिलं, आणि एक्स-रे काढला. फिल्म उजेडावर लावली आणि म्हणाल्या, “हे काय खायला घालता हिला?”

पक्कडने पाहिलं. पोटात, जिथे पाखरू दाणे दळतं त्या पिशवीत, पांढरे ठिपके. सतरा. तिने दोनदा मोजले.

“धातू आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तारेचे तुकडे दिसतात. वर जस्त असणार, ते पोटातल्या आम्लात विरघळतंय आणि रक्तात जातंय. पक्षी खडे गिळतातच, दाणे दळायला लागतात म्हणून. हे तर चमकतात, आणि माप बघा, बरोब्बर दाण्याएवढं. मोठे असते तर हिने तोंडही लावलं नसतं. आसपास कुठे कुंपणाचं काम चाललंय का?”

“नाही,” पक्कड म्हणाली. मग म्हणाली, “हो.”

ती फिल्म घेऊन ती दुपारी कारखान्यात आली. माझ्यासमोर टेबलावर ठेवली. “मिस्त्री, उजेडावर धरा.”

मी खिडकीपाशी धरली. मला पाखराच्या हाडांतलं काही कळत नाही. पण ते सतरा ठिपके मला कळले. एक लांब नाही, एक आखूड नाही. दोन्ही टोकं सरळ. त्या कारखान्यात असा तुकडा एकाच माणसाच्या हातून पडायचा, आणि तो तसा पाडायला मी शिकवलं होतं.

“कोणाचं काम आहे?” तिने विचारलं.

मी फिल्म खाली ठेवली.

“बोला की. नवीन पोरांना दाखवत होतात ना टोपली. आता हे दाखवा. ही पण माझीच टोपली.”

“तू मुद्दाम केलं नाहीस.”

“मुद्दाम केलं असतं तर बरं होतं. मुद्दाम केलेलं थांबवता येतं. मी नीट केलं, मिस्त्री. नीट काम केलं, नीट झटकलं, आणि नीट विष घातलं. त्या आळशी पुरुषांच्या घरी कोंबडी असती तर जगली असती.”

ती कधी रडत नसे. त्या दिवशीही रडली नाही. तिने कटर उचलला आणि उरलेल्या दिवसाची टोकं छाटली, एकेक तुकडा पुन्हा दाण्याएवढाच. मी म्हटलं, अगं, थोडे लांब काप आता. तर म्हणाली, “हाताला सांगा तुम्ही. माझं ऐकत नाही.”

औषधपाण्याची पद्धत डॉक्टरबाईंनी लिहून दिली होती. कोंबडी इतकी अशक्त की पोट कापून तुकडे काढायचे तर टेबलावरच जाईल. म्हणून छातीच्या मांसात इंजेक्शन, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. दोन दिवस थांबायचं, पुन्हा पाच दिवस. खाद्य भिजवून, वाटून, गाळून, सिरिंजने घशात, दिवसातून तीनदा, थोडं थोडं. घाईत दिलं तर श्वासनलिकेत जाऊन गुदमरेल. खोक्यात ऊब. आणि तुकडे आपोआप खाली उतरतात का ते बघायचं.

पक्कडने तिथेच डॉक्टरबाईंकडून सुई मारायला शिकून घेतली. पहिल्या दिवशी सुई तिरपी गेली. दुसऱ्या दिवशी नाही. ती आता पावणेपाचऐवजी सव्वाचारला उठत होती. रोजची विष्ठा जुन्या चाळणीत घेऊन पाण्याखाली धरायची, वरून लोहचुंबक फिरवायची आणि काय चिकटलं ते बघायची. आतली तार लोखंडाची, चुंबकाला चिकटायचीच. तिसऱ्या दिवशी दोन मिळाले. चौथ्या दिवशी शून्य. पाचव्या दिवशी एक. मिळालेला तुकडा काचेच्या बाटलीत टाकायचा. मला सकाळी फक्त आकडा सांगायची. “तीन.” त्यावरून मला कळायचं, चौदा आत आहेत.

आणि अंगण. पायरीपासून चार पावलांपर्यंतची माती तिने वीतभर खोल खणली, घमेल्याघमेल्याने चाळली, चुंबक फिरवला. कामावरून आल्यावर, अंधार पडेपर्यंत, सहा संध्याकाळी. तुकड्यांनी पत्र्याचा एक डबा भरला. चार महिन्यांत एका माणसाच्या बुटातून डबाभर तार. मधल्या रविवारी मी गेलो होतो. म्हटलं, मी खणतो, तू बस. तिने फावडं दिलं, दोन मिनिटं माझं खणणं पाहिलं आणि काढून घेतलं. “कोपरे सोडताय तुम्ही.” सोडत होतो खरा.

अडचण दुपारच्या खाण्याची होती. सकाळचं आणि संध्याकाळचं ती द्यायची. बाराचं कोण देणार? आई कोंबडीला मांडीवर घट्ट धरू शकत होती, पण घशात सिरिंज कुठे जाते हे दिसायला डोळे लागतात. पक्कड म्हणाली, मी जेवणाच्या सुटीत येईन. सुटी अर्ध्या तासाची, चालणं जाऊन-येऊन सत्तर मिनिटांचं. दोन दिवस ती धावत आली-गेली आणि दोन्ही दिवस तिचा तासाचा पगार कापला गेला. तिसऱ्या दिवशी ती पोचली तर आई म्हणाली, नको येऊस, झालं दुपारचं.

“कसं झालं?”

“झालं म्हटलं ना.”

पक्कडने ते तसंच सोडलं असतं तर तिला पक्कड कोण म्हणालं असतं? पुढच्या दिवशी ती पुन्हा धावत घरी आली. ओट्यावर आई खुर्चीत, मांडीवर फौजदार, आणि समोर गुडघ्यावर बसलेला इस्त्रीवाला. एका हाताने चोच उघडलेली, दुसऱ्या हातात सिरिंज.

“तू इथे काय करतोस?”

“हळू बोला ताई, ठसका लागेल तिला.”

“तुला कोणी बोलावलं?”

“मी,” आई म्हणाली. “हाक मारली, आला. तुझ्यासारखा नाही तो, हाकेला येतो.”

“माझ्या परवानगीशिवाय?”

“पाखरू माझं आहे. तू फक्त त्याला तार खायला घालतेस.”

इस्त्रीवाल्याने सिरिंज रिकामी केली, चोच पुसली, मगच मान वर केली. त्याला सगळं माहीत होतं, आईने सांगितलं होतं. एक्स-रेला पाच दिवस झाले होते आणि पाच दिवस पक्कड त्याच्या टेबलासमोरून मान दुसरीकडे करून जात होती. आईने रोज विचारलं होतं, बोललीस का त्याच्याशी? आणि रोज उत्तर मिळालं होतं, उद्या.

“माझं चुकलं,” पक्कड म्हणाली. इतक्या रागाने की शेजारच्या बाईला ती शिवीच वाटली.

“बरं,” इस्त्रीवाला म्हणाला.

“कपडे आणून दे. मी धुऊन इस्त्री करून देते बावीसच्या बावीस.”

“ते मी त्याच दिवशी केले. आणि तुमच्या हातची इस्त्री नको. गिऱ्हाईक मला मारेल.”

आई हसली. पक्कड नाही हसली. धावत परत गेली, आणि तरी अकरा मिनिटं उशीर झाला.

त्याच आठवड्यात ती भाच्याच्या केबिनमध्ये गेली. मीही मागे उभा होतो, दाराबाहेर. तिने फिल्म त्याच्या टेबलावर टाकली आणि शेजारी तो पत्र्याचा डबा उपडा केला. तुकडे काचेवर खळखळत पसरले.

“हे काय?”

“तुमचा माल. चार महिन्यांत माझ्या बुटातून माझ्या घरी गेला. चाळीस माणसं रोज नेतायत. चोर म्हणून धरा की आम्हाला.”

“आणि ही फिल्म?”

“कोंबडीच्या पोटाची.”

भाचा हसला. खरंच हसला, खुर्चीत मागे रेलून. “कोंबडीचा एक्स-रे घेऊन कामगार केबिनमध्ये यायला लागले. आणि काय हवंय तुम्हाला?”

“बूट झटकायची खोली परत हवीय.”

“खोलीत माल आहे, बाई. माल पावसात ठेवू आणि बूट आत?”

“आज कोंबडी आहे. अकरा जणांच्या घरी रांगती पोरं आहेत. ती पण जमिनीवरचं उचलून तोंडात घालतात.”

“मग घरी झाडून काढा ना. स्वच्छता ही आपली आपण शिकायची गोष्ट आहे.” हे तो तिला सांगत होता. फरशी तळहाताने चाचपणाऱ्या बाईला. “आणि बाकच हवा असेल तर आणा स्वतःच्या पैशाने, फाटकाबाहेर टाका. माझी काही हरकत नाही.”

बाहेर तिघे-चौघे हसले. रांगत्या पोरांचे बाप होते त्यांत. मला आजही त्यांची नावं घेऊन सांगावंसं वाटतं. पण मी काय केलं? मी तिच्यामागे उभा होतो, बस. आत गेलो नाही. निवृत्तीला सात महिने राहिले होते. हे मी कारण म्हणून सांगत नाही. होतं तसं सांगतो.

तिने तुकडे एकेक करून डब्यात परत भरले. एकही मागे सोडला नाही. त्याला तिथे बसून ते संपेपर्यंत थांबावं लागलं.

इंजेक्शनांचा दुसरा फेरा संपला. बाटलीत सोळा झाले. सतरावा मिळेना. कोंबडी उभी राहायला लागली, एक पाय किंचित ओढत. स्वतःहून पाणी प्यायला लागली, मग खाद्य. डॉक्टरबाईंनी पुन्हा फिल्म काढली. पोट स्वच्छ. सतरावा कधी पडला कोणाला कळलं नाही. पक्कडने तरीही आणखी दोन दिवस चाळणी सोडली नाही.

पण आवाज नव्हता. चक-चकसुद्धा नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, येईल, न येईल. ताकद आधी पायात येते, घशात मागून. महिन्याचा पहिला रविवार जवळ आला. गल्लीत अनोळखी माणूस दिसला की इस्त्रीवाला त्याला मुद्दाम फाटकातून आत पाठवायचा, पत्ता विचारा म्हणून. चार-पाच जण असे आले. फौजदार मान ताणायची, चोच उघडायची, आणि नुसती हवा.

त्या रविवारी मी तिथे होतो. आई खुर्चीत, पायाशी फौजदार. घरात पक्कड भांडी इतक्या जोरात लावत होती, जणू प्रत्येक भांडं कोणाच्या तरी डोक्यात बसत असावं. दहा वाजता गाडी थांबली. दादा उतरला, मागे वहिनी. फाटक उघडलं, दोन पावलं आत आला.

फौजदार उठली. मान ताणली. आधी घशात काहीतरी अडकल्यासारखा खरखरीत आवाज झाला, फाटक्या कापडासारखा. मग पुन्हा. मग दोन तुकड्यांत, दुसरा वर चढवून.

कोणए? कोणए?

दादा जागच्या जागी थांबला. ती लंगडत पुढे आली आणि त्याच्या तोंडावर ओरडत सुटली, थांबेचना. समोर इस्त्रीवाल्याने इस्त्री खाली ठेवली आणि दोन्ही कानांवर हात घेतले, पण तो हसत होता.

“ओरडली,” आई म्हणाली.

“मी आहे आई,” दादा म्हणाला, “मी.”

“ते मला कळतंय. तिला कळत नाहीये. वर्षातून चारदा येतोस, ती कसं ओळखणार?”

पक्कड दारात आली होती. हात ओले. तिच्याकडे पाहून दादा म्हणाला, “ठीक आहे. बोललो होतो ते बोललो होतो.” तेवढा शब्द त्याने पाळला. चहा न घेता गेला. वहिनी गाडीत बसताना काहीतरी म्हणाली, ते कोंबडीच्या ओरडण्यात ऐकूच आलं नाही.

पक्कड पायरीवर बसली. मला वाटलं आता तरी ही दोन शब्द बरे बोलेल. तर ती कोंबडीला म्हणाली, “पाच आठवडे. आज वेळ मिळाला होय तुला?”

चौदा महिने ती पगारातून पैसे बाजूला ठेवत होती. ओट्याला लोखंडी जाळीचं दार बसवायचं म्हणून, आईला आत कोंडल्यासारखं वाटू नये पण बाहेरचा सरळ आत येऊ नये. त्यातले बरेचसे दवाखान्यात गेले. उरलेल्यात दार येत नव्हतं. मी म्हटलं, पुन्हा साठव. तिने उरलेले पैसे मोजून पुन्हा गुंडाळून ठेवले.

पुढच्या सोमवारी सुटीची घंटा झाली आणि आम्ही फाटकाबाहेर आलो, तर भिंतीला लागून एक लाकडी बाक होता. वर भिंतीला ठोकलेली फळी, फळीला खुंट्या. वरून पत्र्याचं छप्पर, पाऊस लागू नये म्हणून. बाकाखाली तीन टोपल्या. खुंट्या मोजल्या, चाळीस होत्या. ती बाकावर बसली होती. बूट काढून टोपलीत आपटले, एकेक, तीनतीनदा. अ‍ॅप्रन झटकून पहिल्या खुंटीला लावला. पिशवीतून घरच्या चपला काढल्या, कामाचे नवे बूट बाकाखाली सरकवले. रांगत्या पोरांचे बाप बाजूने निघून गेले. तिने कोणालाही बस म्हटलं नाही, नुसतं बघत राहिली, आणि तिचं बघणं ज्यांना माहीत होतं ते परत फिरले. मी तिच्या शेजारी बसलो आणि बूट काढले.

“नीट आपटा,” ती म्हणाली. “टाच सोडताय.”

चौदा महिन्यांच्या घामातून जे लोखंडी दार यायचं होतं, ते आलं नाही. आला एक बाक, चाळीस खुंट्यांची फळी, तीन टोपल्या, आणि कारखान्यातून कधीच घरी न जाणारा बुटांचा एक जोड. मालकाने द्यायच्या वस्तू होत्या, सगळ्याच्या सगळ्या.